वकील ते खासदार: इमॅन्युएल सेलर यांची पन्नास वर्षं

प्रश्न पुण्यातल्या एका विद्यार्थ्याचा आहे. एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहेत, पुढे विधिमंडळात जायची इच्छा आहे. त्यांनी विचारलंय: अमेरिकेत एवढे वकील खासदार होतात, त्यातल्या एखाद्याचं आयुष्य सविस्तर सांगाल का? वकिलीचा तिथे नेमका उपयोग काय होतो, वक्तृत्व किती लागतं, आणि निवडून आल्यावर वकिली सोडावी लागते का?

मी मूळची कोल्हापूरची. गेली चोवीस वर्षं न्यू जर्सीत इमिग्रेशनची वकिली करते. लिंकन तुम्हाला ठाऊक असणारच, म्हणून त्यांना बाजूला ठेवते. मी तुम्हाला इमॅन्युएल सेलर यांच्याबद्दल सांगणार आहे. भारतात हे नाव फारसं कुणाच्या कानावर गेलेलं नाही. इथल्या मराठी घरांतही ते कुणी घेत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. ती घरं इथे उभी राहिली ती बऱ्याच अंशी या माणसानं कायद्यात आणलेल्या शब्दांमुळे.

गेल्या महिन्यातलीच गोष्ट. एक गृहस्थ आले, नुकतेच नागरिक झालेले. वडील गेल्यापासून आई मिरजेला एकटी. आईला इकडे आणायचं होतं. मी त्यांच्यासमोर आय-१३० हा अर्ज ठेवला आणि सांगितलं, आईसाठी रांग नाही. त्यांचा विश्वास बसेना, कारण मित्रांकडून त्यांनी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं थांबल्याच्या कथा ऐकल्या होत्या. रांग नाही, कारण १९६५च्या कायद्यात नागरिकाच्या ‘जवळच्या नातेवाइकां’च्या व्याख्येत पती-पत्नी आणि मुलं यांच्या जोडीला ‘पालक’ हा एक शब्द आला. त्याआधीच्या, १९५२च्या कायद्यात तो नव्हता. एवढ्या एका शब्दावर मिरजेच्या बाई पुढच्या वर्षी नातवंडांत असतील. तो १९६५चा कायदा हार्ट-सेलर कायदा म्हणून ओळखला जातो.

सेलर यांचा जन्म ६ मे १८८८चा, ब्रुकलिनमधला. घराणं जर्मनीतून आलेल्या ज्यूंचं. वडिलांचा मद्याचा व्यवसाय होता. तो एकदा बुडाला, मग पुन्हा उभा केला, आणि मुलगा कॉलेजात असतानाच वडील वारले. घरची जबाबदारी अंगावर आली. सकाळी कोलंबिया विद्यापीठात वर्ग आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत दारोदार वाइनची विक्री, असं करत त्यांनी १९१०मध्ये पदवी घेतली, १९१२मध्ये कायद्याचं शिक्षण पूर्ण केलं आणि त्याच वर्षी सनद मिळवून न्यूयॉर्कमध्ये वकिली सुरू केली. लोकांच्या दारात उभं राहून माल खपवण्याची ती सवय पुढे मतं मागताना कामी आली असणार, असं मला वाटतं. वकिलीची पहिली दहा वर्षं मी इथे उरकते. कोर्टात गाजलेले खटले त्यांच्या नावावर नाहीत. नामांकित वकील असावं लागतं, मग खासदार होता येतं, असा तुमचा समज असेल तर तो सोडून द्या.

१९२२मध्ये डेमोक्रॅटिक पक्षानं त्यांना उमेदवारी दिली ती न्यूयॉर्कच्या दहाव्या मतदारसंघातून. पक्षाच्या दृष्टीनं ती जागा पडेलच होती. दारूबंदीला विरोध आणि राष्ट्रसंघाला पाठिंबा या दोन मुद्द्यांवर त्यांनी प्रचार केला आणि निवडून आले. ४ मार्च १९२३ला त्यांची मुदत सुरू झाली. प्रतिनिधीगृहाची, म्हणजे अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहाची, मुदत दोनच वर्षांची असते. ही पहिली निवडणूक धरून सेलर लागोपाठ पंचवीस वेळा निवडून आले आणि जानेवारी १९७३पर्यंत तिथे बसले. पन्नास वर्षांना दोन महिने कमी.

आता त्या ४ मार्चच्या तेराच दिवस आधीची तारीख पाहा. १९ फेब्रुवारी १९२३ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा निकाल दिला. थिंड पंजाबचे, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झालेले. नागरिकत्वाच्या कायद्यात ‘मुक्त श्वेतवर्णीय व्यक्ती’ असे शब्द होते. आपण आर्य वंशाचे, म्हणून श्वेतवर्णीय, असा थिंड यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. न्यायालय म्हणालं की या शब्दांचा अर्थ मानववंशशास्त्रावरून लागत नाही, सामान्य माणूस जे समजतो त्यावरून लागतो, आणि सामान्य माणूस हिंदी माणसाला गोरा समजत नाही. या निकालाच्या आधारे सरकारनं आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली.

इथे एका वकिलाचं नाव घेतल्यावाचून मला पुढे जाववत नाही: सखाराम गणेश पंडित. मराठी वाचकाला हे नाव लगेच घरचं वाटेल. १९१४मध्ये ते अमेरिकी नागरिक झाले, १९१७मध्ये कॅलिफोर्नियात त्यांना सनद मिळाली. थिंड निकालानंतर त्यांच्याही नागरिकत्वावर सरकारनं दावा लावला. पंडितांनी वंशाचा वाद घातलाच नाही. त्यांनी सांगितलं की नागरिकत्व देताना कोर्टानं माझी बाजू आणि सरकारची बाजू ऐकून निर्णय दिला होता. सरकारनं तेव्हा अपील केलं नाही. त्या निर्णयाच्या भरवशावर मी इथे लग्न केलं, घर घेतलं, वकिली उभी केली, मायदेशातला वारसा सोडला. आता सरकारला मागे फिरता येणार नाही. १९२६मध्ये अपील न्यायालयानं हे मान्य केलं आणि १९२७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. त्यानंतर सरकारनं इतर भारतीयांविरुद्धचे असे दावे सोडून दिले. वकील कोर्टात बसून काय वाचवू शकतो त्याचं हे उत्तम उदाहरण. पण पंडितांनी जे आधीच मिळालं होतं तेवढंच वाचवलं. नव्यानं येणाऱ्याला दार बंदच राहिलं, कारण ते कायद्यात बंद होतं. ते उघडायला कायदेमंडळातच कुणीतरी हवं होतं.

सेलर नवखे असतानाच १९२४चा जॉन्सन-रीड कायदा आला. तुम्ही मसुदालेखन शिकणार असाल तर हा कायदा जरूर वाचा, कारण त्यातली लबाडी शब्दांत सापडत नाही. ‘ज्यू नकोत’ किंवा ‘इटालियन नकोत’ असं तो कुठेच म्हणत नाही. प्रत्येक देशाला त्या देशात जन्मलेले जितके लोक १८९०च्या जनगणनेत अमेरिकेत होते त्याच्या दोन टक्के कोटा, एवढंच तो म्हणतो. आता १८९०च का? १९१०, १९२० या जनगणना हाताशी होत्या. पण इटली, पोलंड, रशियातून लोंढे आले ते मुख्यतः १८९० नंतर. त्यामुळे ते वर्ष निवडलं की इंग्रज आणि जर्मनांना भरपूर जागा आणि बाकीच्यांना चिमूटभर. आशियाच्या बाबतीत ‘नागरिकत्वास अपात्र परदेशी’ एवढे शब्द पुरले. कोण अपात्र, हे थिंड आणि त्याआधीच्या, ओझावा या जपानी माणसाच्या खटल्यातल्या निकालानं ठरवून दिलंच होतं. न्यायालयाचा अर्थ आणि कायदेमंडळाचा शब्द असे एकमेकांना जाऊन मिळाले.

या कायद्याविरुद्ध सेलर यांनी सभागृहात भाषण केलं. त्यांचं पहिलं महत्त्वाचं भाषण हेच. मतदान झालं: बाजूनं ३२३, विरोधात ७१. तुम्ही वक्तृत्वाबद्दल विचारलंत ना? त्या दिवशी वक्तृत्वाचा काडीचाही उपयोग झाला नाही. पुढे तो कायदा मोडायला त्यांना एकेचाळीस वर्षं लागली, आणि तो मोडला समितीच्या खोलीत.

मधल्या काळातला मोठा टप्पा १९४६चा. युद्धात चीन मित्रराष्ट्र होता, म्हणून १९४३मध्ये चिनी लोकांवरची बंदी उठवली गेली होती. तोच धागा पकडून सेलर यांनी भारतीयांसाठी विधेयक मांडलं. रिपब्लिकन बाजूनं कनेटिकटच्या क्लेअर बूथ लूस पुढे आल्या. बाहेरून इंडिया लीग ऑफ अमेरिकाचे जे. जे. सिंग खासदारांचे उंबरे झिजवत होते. २ जुलै १९४६ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली. नागरिकत्वास पात्र लोकांच्या यादीत फिलिपिनो लोकांबरोबर ‘मूळच्या भारतातील वंशांच्या व्यक्ती’ अशा अर्थाचे शब्द आले. कोटा वर्षाला फक्त १००.

शंभर हा आकडा ऐकून माझे तरुण सहकारी नाक मुरडतात. मी त्यांना सांगते, कोटा विसरा, ‘पात्र’ हा शब्द बघा. जो माणूस पात्र झाला तो नागरिक झाला. जो नागरिक झाला तो कॅलिफोर्नियात स्वतःच्या नावावर जमीन घेऊ शकला, कारण तिथला जमीनविषयक कायदा ‘नागरिकत्वास अपात्र’ याच शब्दांवर उभा होता. आणि तो निवडणूकही लढवू शकला. दलीपसिंग सौंद वीसहून जास्त वर्षं कॅलिफोर्नियात शेती करत होते, गणितातली डॉक्टरेट गाठीशी होती, पण मत नव्हतं. १९४९मध्ये ते नागरिक झाले, १९५६मध्ये प्रतिनिधीगृहावर निवडून आले. तिथे पोहोचलेले ते पहिले आशियाई वंशाचे खासदार. त्याच सभागृहात सेलर तेव्हा ज्येष्ठ सदस्य म्हणून बसत होते. स्वतः लिहिलेल्या ओळीतून एक माणूस चालत येऊन आपल्या शेजारी बसतो, हे भाग्य किती कायदेकारांना मिळतं?

१९४९मध्ये सेलर प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष झाले. १९५३ ते ५५ ही रिपब्लिकन बहुमताची दोन वर्षं सोडली तर १९७३पर्यंत ते पद त्यांच्याकडेच राहिलं. वकिलीचा खरा उपयोग इथे सुरू होतो, म्हणून जरा थांबून सांगते.

१९१४च्या क्लेटन कायद्यात एका कंपनीनं दुसरीचे शेअर विकत घेऊन स्पर्धा मारण्याला मनाई होती. कंपन्यांच्या वकिलांनी पळवाट काढली: शेअर घ्यायचेच नाहीत, कारखाना, यंत्रं, माल अशी मालमत्ता घ्यायची. सर्वोच्च न्यायालयानं १९२६मध्ये ही वाट मान्यही केली. सेलर यांनी सिनेटर केफॉव्हर यांच्याबरोबर १९५०मध्ये दुरुस्ती आणली आणि ‘शेअर’च्या जोडीला ‘मालमत्ता’ बसवली. कंपन्यांच्या विलीनीकरणावर अमेरिकेत आजही जो अंकुश आहे तो या दुरुस्तीवर उभा आहे. अशी पळवाट कुणाच्या लक्षात येते? ज्यानं अशिलासाठी कधीतरी स्वतः शोधलेली असते त्याच्या. मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी म्हणते की मसुदा वाचताना विरुद्ध बाजूचं वकीलपत्र घेऊन वाचा.

आता १९६४चा नागरी हक्क कायदा. केनेडी सरकारचं विधेयक सेलर यांनी जून १९६३मध्ये मांडलं आणि स्वतःच्याच अध्यक्षतेखालच्या पाच क्रमांकाच्या उपसमितीकडे घेतलं. हा योगायोग नव्हता. कुठलं विधेयक कुठल्या उपसमितीकडे जाणार हे अध्यक्ष ठरवतो, आणि निम्मी लढाई तिथेच जिंकली किंवा हरली जाते. उपसमितीनं ते विधेयक सरकारलाही झेपणार नाही इतकं कडक करून टाकलं. तेव्हा समितीतले ज्येष्ठ रिपब्लिकन सदस्य विल्यम मॅकुलक, तेही ओहायोतले वकील, अडून बसले. त्यांच्या पाठिंब्याशिवाय मतं जुळत नव्हती. ऑक्टोबरमध्ये केनेडींनी दोन्ही बाजूंना बोलावलं, मधला मसुदा तयार झाला आणि २९ ऑक्टोबरला समितीनं तो मंजूर केला. सेलर यांनी आपलाच कडक मसुदा मागे घेतला. अनेकांनी त्यांना नावं ठेवली. मला मात्र त्यात अनुभवी वकील दिसतो. दावा पूर्ण जिंकायचा हट्ट धरून अशिलाच्या हाती शून्य पडू द्यायचं नाही, हे ज्याला कळतं तो वकील.

त्यानंतर महिन्याभरातच केनेडींची हत्या झाली. विधेयक नियम समितीकडे गेलं. तिथले अध्यक्ष व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ, माजी न्यायाधीश, वर्णभेदाचे कट्टर समर्थक. नियम समितीनं तारीखच दिली नाही तर विधेयक सभागृहापुढे येतच नाही. आपल्याकडे तारखांवर तारखा पडून दावा कसा मरतो ते तुम्ही पाहिलं असेल, तसंच. सेलर यांनी ९ डिसेंबर १९६३ला एक अर्ज दाखल केला. या अर्जावर २१८ सदस्यांच्या, म्हणजे निम्म्याहून अधिक सभागृहाच्या सह्या झाल्या की समितीच्या हातून विधेयक काढून घेता येतं. सह्या पूर्ण व्हायच्या आतच स्मिथ नमले. १० फेब्रुवारी १९६४ला प्रतिनिधीगृहानं २९० विरुद्ध १३० मतांनी विधेयक मंजूर केलं. सिनेट या वरच्या सभागृहातला प्रदीर्घ अडथळा पार करून ते परत आलं आणि २ जुलैला केनेडींच्या जागी आलेले राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली. लूस-सेलर कायद्याला त्या दिवशी बरोबर अठरा वर्षं झाली होती.

इथपर्यंत मी मान वर करून सांगितलं. यापुढचं सांगणंही तितकंच गरजेचं आहे.

मंजुरीच्या दोन दिवस आधी, ८ फेब्रुवारीला, याच स्मिथ यांनी एक दुरुस्ती मांडली. नोकरीत वंश, वर्ण, धर्म, मूळ देश यांवरून भेदभाव नको, असं कलम होतं. त्यात ‘लिंग’ हा शब्द घालावा अशी ती दुरुस्ती. विधेयक बुडवण्यासाठीच त्यांनी ती मांडली, असं अनेकांनी मानलं. सेलर विरोधात उभे राहिले. आमच्या घरात शेवटचे दोन शब्द माझेच असतात, ते म्हणजे ‘हो गं’, अशा अर्थाचं काहीतरी बोलून त्यांनी सभागृहाला हसवलं. तेव्हा मार्था ग्रिफिथ्स उठल्या. त्याही वकील, मिशिगनच्या. त्यांनी सांगितलं की स्त्रिया दुय्यम आहेत याचा आणखी पुरावा हवा असेल तर हे आत्ताचं हसू पुरेसं आहे. दुरुस्ती १६८ विरुद्ध १३३ मतांनी मंजूर झाली.

माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत इथल्या एका भागीदारानं मला विचारलं होतं, मूल कधी होऊ देणार. मी मनात धरलेलं कलम याच दुरुस्तीतलं होतं. सेलर यांच्या विरोधाला न जुमानता ते आलं, हे मी विसरू शकत नाही. ज्या माणसाला १९२३च्या त्या निकालातला अन्याय इतका लख्ख दिसला त्याला घरातल्या, कचेरीतल्या बाईवरचा दिसू नये, याचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. कारखान्यातल्या स्त्रियांना कामाचे तास वगैरे बाबतीत असलेलं कायद्याचं संरक्षण जाईल, ही त्यांची भीती होती आणि ती त्या काळच्या अनेक कामगार नेत्यांचीही होती, हे न्यायानं सांगायला हवं. पण तेवढ्यानं माझं समाधान होत नाही.

कारण पुढे त्यांनी केलं ते स्मिथ यांच्यासारखंच. स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती वर्षानुवर्षं त्यांच्या समितीत येत होती. ते तिच्यावर सुनावणीच लावत नसत. विरोधात भाषण नाही, मतदान नाही, नुसतं कपाटात ठेवून देणं. १९७०मध्ये ग्रिफिथ्स यांनी तोच २१८ सह्यांचा अर्ज काढला जो सेलर यांनी सहा वर्षांपूर्वी स्मिथ यांच्याविरुद्ध काढला होता. सह्या पूर्ण झाल्या. १० ऑगस्ट १९७०ला प्रतिनिधीगृहात ठराव आला आणि मतं पडली ३५२ विरुद्ध १५. सेलर त्या पंधरांत होते.

आता मध्ये राहिलेलं १९६५ घेते. सेलर यांनी प्रतिनिधीगृहात आणि फिलिप हार्ट यांनी सिनेटमध्ये विधेयक मांडलं, देशवार कोटे रद्द करण्यासाठी. मूळ मसुद्यात निम्मे व्हिसा कौशल्य असलेल्यांना होते. इमिग्रेशन उपसमितीचे अध्यक्ष मायकेल फेगन यांनी तो क्रम उलटा केला आणि नातेवाइकांना मोठा वाटा दिला. नातेवाईक तर बहुतेक युरोपातलेच येणार, म्हणजे लोकसंख्येचा तोंडवळा फारसा बदलणार नाही, असा हिशोब होता. सेलर यांनीही सभागृहाला हेच सांगितलं की आशिया-आफ्रिकेतल्या लोकांचे इथे नातेवाईकच थोडे, तेव्हा तिकडून फार लोक येणार नाहीत. ३ ऑक्टोबर १९६५ला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी जॉन्सन यांनी सही केली. पूर्व गोलार्धाला वर्षाला १ लाख ७० हजार व्हिसा, कुठल्याही एका देशाला जास्तीत जास्त २० हजार. भारताला शंभराच्या जागी वीस हजार, म्हणजे ब्रिटनइतकेच.

हिशोब साफ चुकला. डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञांसाठी ठेवलेल्या तिसऱ्या पसंतीच्या वर्गाला वाटा फक्त दहा टक्के होता, पण मुंबई-पुण्याच्या मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजांतून निघालेल्या मुलांना तेवढी फट पुरली. ते आले, नागरिक झाले, मग भावंडांचे अर्ज भरले, आईवडिलांना आणलं. १९६०मध्ये भारतात जन्मलेले सुमारे १२ हजार लोक अमेरिकेत होते, १९८०मध्ये २ लाखांच्या वर. १९८१मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं, गावोगावची मंडळं एका छत्राखाली आली, तेव्हा त्यातले बहुसंख्य या कायद्याचेच होते. त्याच वर्षी, १५ जानेवारीला, सेलर ब्रुकलिनमध्ये वारले. वय ९२. कायदा लिहिणाऱ्यानं जे होणार नाही म्हणून शब्द दिला होता तेच त्या कायद्यातून झालं, आणि मी त्याबद्दल कृतज्ञ आहे.

त्यांचं पद गेलं ते १९७२मध्ये. जूनमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीत एलिझाबेथ होल्ट्झमन उभ्या राहिल्या. वय ३०, हार्वर्डमधून शिकलेल्या वकील. समान हक्कांची घटनादुरुस्ती, व्हिएतनाम युद्ध आणि मतदारसंघाकडे झालेलं दुर्लक्ष हे त्यांचे मुद्दे. स्वतः घरोघरी आणि सिनेमाच्या रांगांत जाऊन लोकांशी बोलत होत्या. सेलर यांनी त्यांना मोजलंच नाही. सुमारे सहाशे मतांनी ते हरले. दारोदार वाइन विकून शिकलेल्या माणसाला दारोदार फिरणाऱ्या मुलीनं हरवलं. समितीचं अध्यक्षपद न्यू जर्सीचे पीटर रोडिनो यांच्याकडे गेलं आणि दीड वर्षात निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाचं काम त्याच समितीपुढे आलं, तेव्हा होल्ट्झमन तिच्या सदस्य होत्या. निक्सन गेले, फोर्ड आले, ते उपाध्यक्षपदावर ज्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीनं नेमले गेले होते ती प्रतिनिधीगृहातून सेलर यांनीच पार पाडली होती.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, वकिली सोडावी लागते का. सेलर यांनी सोडली नाही. खासदारानं केंद्र सरकारच्या खात्यांपुढे पैसे घेऊन वकिली करू नये असा कायदा होता. त्यांच्या फर्मच्या कचेरीला दोन दारं होती: एका दारावरच्या पाटीत त्यांचं नाव, दुसरीत नाही. केंद्र सरकारशी संबंधित काम दुसऱ्या दारानं. कायद्याच्या अक्षरात हे कदाचित बसत असेल. मला ते पटत नाही, आणि तेव्हाही त्यावर टीका झाली. इतरांच्या पळवाटा बुजवणाऱ्यानं स्वतःसाठी एक दार ठेवायला नको होतं. १९८९च्या नीतिविषयक कायद्यानंतर अमेरिकेत खासदाराला वकिलीचा मोबदला घेता येत नाही. भारतात २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आमदार-खासदारांना वकिली करायला मनाई नाही. म्हणजे तुम्हाला कायद्यानं मोकळीक आहे. माझा सल्ला विचाराल तर निवडून आल्यावर सनद बासनात ठेवा. ज्या कलमावर दुपारी मत द्यायचं त्यावरच सकाळी कुणाची तरी फी घेतली, ही शंकाही लोकांच्या मनात येऊ देऊ नका.

आत्तापासून काय करायचं? भाषणाच्या स्पर्धा सोडा, निदान कमी करा. आठवड्याला एक कायदा घ्या आणि फक्त त्याचं व्याख्यांचं कलम वाचा. प्रत्येक व्याख्येपुढे लिहा की यातून कोण बाहेर राहिलं. मग त्या विधेयकावरचा समितीचा अहवाल शोधा आणि तो माणूस तिथे कुणाला आठवला होता का ते पाहा.

मिरजेच्या बाईंच्या मुलाचं काम मी अर्धंच सांगितलं. आईच्या अर्जाबरोबर त्यांनी सांगलीतल्या बहिणीचाही अर्ज भरला. भावंडांचा वर्ग १९६५मध्येही रांगेतच होता, आणि प्रत्येक देशाला कमाल मर्यादा हा नियम आकडा बदलून आजही आहे. तेव्हा सर्वांना सारखं वागवण्यासाठी तो आणला होता. आज भारतासारख्या मोठ्या देशाची रांग त्यानंच लांबते. बहिणीचा नंबर लागायला पंधरा वर्षांहून जास्त लागतील, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी विचारलं, भाची आत्ता सातवीत आहे, ती आईबरोबर येईल ना? मी व्याख्येचं कलम उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. ‘मूल’ म्हणजे अविवाहित आणि एकवीस वर्षांच्या आतलं. अर्ज प्रलंबित राहिल्याचा काही काळ वयातून वजा होतो, तो धरूनही आम्ही दोघांनी बोटांवर हिशोब केला, आणि मी त्यांना तिच्या जन्मतारखेचा दाखला पुढच्या वेळी घेऊन यायला सांगितलं.